भूकंपाला पाच गुण

लातूरला शिकवण्या घेऊन घेऊन मला दिसेल त्याला गुण द्यायची खोड लागली होती. सुट्टीत गावी गेलो, ऐतिहासिक राज्य चालवायच्या गेमचा दख्खनवरचा नवा भाग डाउनलोड केला आणि लाल पेन घेऊन बसलो. गोदावरी भलतीकडूनच वाहत होती, ज्वारीच्या रानात भात डुलत होता. वैतागून मी गुण कापत सुटलो. मग गेममध्ये भूकंप झाला. एक बटण दाबलं, तर पडलेलं गाव पुढच्याच खेळीत उभं. एवढं तरी जमलं म्हणून पाच गुण दिले.

मागे वडील बघत होते. त्र्याण्णवच्या खऱ्या भूकंपानंतर मिळालेलं पक्कं घर सोडून ते अजून अंगणातल्या पत्र्याच्या शेडातच झोपायचे.

म्हणाले, "घरं तर बांधलास. पर आत माणसं झोपायलेत का?"