शेऱ्यांची बेरीज

मी साताऱ्यात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते ते लढाईचे दिवस. रॉकेलपासून कागदापर्यंत सगळ्याची टंचाई. शेरे मात्र मी सढळ हातानं लिहीत असे. दर वर्षी प्रत्येक शिक्षिकेचा एक तक्ता भरून संस्थेकडे पाठवायचा. वक्तशीरपणा, शिस्त, मिळून मिसळून वागणं, असे त्यात वेगवेगळे रकाने. माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा तोरा होता.

तिसरीच्या वर्गाला एक तरुण विधवा शिक्षिका होती. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, रजा एकही नाही. पण सुटीची घंटा झाली की चपला अडकवून चालू पडायची, कुणाशी दोन शब्द नाहीत. एका रकान्यात मी ‘उत्तम’ लिहिलं, दुसऱ्यात ‘कोणात मिसळत नाही’. पुढे संस्थेनं सांगलीच्या नव्या शाळेसाठी मागे कसला पाश नसलेली शिक्षिका मागितली, तेव्हा या दोन्ही शेऱ्यांची बेरीज करून मी तिचं नाव कळवलं. एकटी बाई, हिला काय सातारा अन् काय सांगली.

हुकूम आला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि बरं म्हणाली. शाळेची शिपाईण मात्र माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“आवं बाई, त्यांची तीन वर्सांची लेक त्यांच्या सासरच्यांकडं हाय. शाळा सुटल्यावर दिवेलागनीपतुर तेवढी भेटू देत्यात, म्हनून पळत्यात त्या. बरुबर न्यू देनार न्हाईत. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

मला ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी पत्र लिहून हुकूम थांबवता आला असता. पण स्वतःचाच शेरा खोडायचा म्हणजे संस्थेपुढे कमीपणा. मी लिहिलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मे महिन्याच्या सुटीत ती साताऱ्याला आली. सांगलीची मोटार धरण्याआधी माझ्या घरी डोकावली. चेहरा पार उतरला होता. मी भीत भीतच मुलीची चौकशी केली. ती म्हणाली, आधी दाराआड लपली, मग पुढे येऊन खाऊ घेतला. मला हायसं वाटलं. चला, ओळख विसरली नाही, असं मी म्हटलंसुद्धा.

तिनं मान खाली घातली.

“खाऊ घेऊन आत पळाली. माझ्या जाऊबाईंना सांगत होती, आई, बाहेर कोणी बाई आल्या आहेत.”