‘बरा आहे’ म्हणजे पाचपैकी किती?

"मॅडम, रिपोर्ट मिळाला. एकदम क्लिअर आहे. परवा सकाळी एडिटिंगला बसतोय. जीपचा सीन उडवतोय, पाठलाग ठेवतोय. थँक यू!"

मुंबईहून निर्मात्याचे मॅनेजर पाटकर बोलत होते. मी उभीच होते. मला फोनवर बसून बोलताच येत नाही, वायर पुरेल तेवढ्या येरझाऱ्या घालते.

"जीपचा? अहो, लोक तर जीपच्याच सीनला हसत होते!"

"तुमच्या आकड्यांच्या टेबलमध्ये उलटं आहे. खाली सही तुमचीच ना? सोनवणे?"

सही माझीच होती.

जरा मागून सांगते. मी मार्केट रिसर्चमध्ये होते. म्हणजे साबण असो की सिनेमा, बाजारात यायच्या आधी तो थोड्या लोकांना दाखवायचा आणि त्यांचं मत घ्यायचं. लोकांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या मतांना मग आकडे द्यायचे. ‘फार आवडलं’ला पाच, ‘मुळीच नाही’ला एक. या आकडे देण्याला आमच्यात कोडिंग म्हणतात. तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागला होता. मी कोडिंग करते एवढं ऐकून कर्वेनगरच्या आमच्या शेजारणीने माझ्यासाठी अमेरिकेचं स्थळ आणलं. खरा प्रकार कळल्यावर ते तिने स्वतःच्या भाचीकडे वळवलं.

तर सिनेमा. हिंदी, रिलीज तीन आठवड्यांवर. एक टोळी बँकेची तिजोरी पळवायला निघते आणि मागावर दोन पोलीस. एक निवृत्तीला टेकलेला, दुसरा कालपरवा भरती झालेला, आणि दोघांचं क्षणभर पटत नाही. विनोद, मारामाऱ्या, गाड्यांची उडवाउडवी. सिनेमा लांबला होता, दहा मिनिटं कापायची होती. एक तर बंद पडलेल्या जीपमध्ये दोघे पोलीस डब्यातल्या शेवटच्या पोळीवरून भांडतात तो सीन जाणार, नाहीतर हेलिकॉप्टरच्या पाठलागातला मोठा तुकडा जाणार. हे ठरवायला आम्ही नव्या मल्टिप्लेक्समध्ये शंभरेक पुणेकरांना सिनेमा फुकट दाखवला आणि फॉर्म भरून घेतले.

दिग्दर्शकाचा हा पहिलाच सिनेमा. शो चालू असताना तो मागच्या भिंतीला टेकून नखं खात उभा होता. मला म्हणाला, "मॅडम, जीपमधलं भांडण माझ्या वडिलांचं आहे. हवालदार होते. बाकी सगळा पिक्चर निर्मात्याचा, तेवढी जीप माझी."

आणि ती जीप परवा सकाळी जाणार होती, माझ्या सहीने.

जीपच्या वेळी लोक खुर्च्यांचे हात बडवत हसले होते. पाठलाग सुरू झाल्यावर निम्मे सामोसे आणायला बाहेर गेले होते. हे मी स्वतः पाहिलेलं. मग टेबल उलटं कसं? कपाटातून फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या आणि जमिनीवर पसरल्या.

जीपच्या रकान्यात : ‘बरा आहे.’ ‘ठीक.’ ‘नाही म्हणायला हसू आलं.’ ‘एवढा एक सीन बसून पाहिला.’

पाठलागाच्या रकान्यात : ‘वा! डोळ्यांचं पारणं फिटलं.’ ‘अद्भुत. शाळांतून दाखवावा, म्हणजे विज्ञान शिकवायला नको.’ ‘दिग्दर्शकाचा जाहीर सत्कार व्हावा.’

मी कपाळावर हात मारला. कोडिंग व्हायचं दिल्लीच्या हेड ऑफिसात, इंग्रजी भाषांतरावरून. त्यांनी ‘बरा’ला तीन दिले आणि ‘पारणं फिटलं’ला पाच. त्यांचं काय चुकलं? पुणेकर ‘वा’ म्हणाला की सावध व्हायचं, हे त्यांना कोणी सांगायचं? मीच सांगायचं! त्यासाठीच तर कोडशीट, म्हणजे कुठल्या उत्तराला कुठला आकडा याची यादी, मला फॅक्सने आली होती. जेवायच्या सुट्टीत आली. एका हातात घास, दुसऱ्या हाताने सही. वाचली नव्हती. तीच सहीसकट रिपोर्टला जोडून दिल्लीने तो परस्पर मुंबईला पाठवला. आई म्हणायची ते खोटं नाही, ही पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आली.

आमचे साहेब देवस्थळी. मी त्यांच्या केबिनमध्ये घुसले.

"सर, रिपोर्ट चुकलाय."

"कोणाचा?"

"आपला."

"आपला म्हणजे?"

"माझा."

"मग तसं म्हणा की." त्यांनी चष्मा पुसला. "पुरावा?"

"सर, मी हॉलमध्ये होते. लोक हसत होते."

"तुमच्या कानांवर विसंबून कोणी सिनेमा कापायचा थांबत नाही, सोनवणे. बॅक-चेक करा. उद्या चारपर्यंत."

बॅक-चेक म्हणजे फॉर्म भरणाऱ्यांना पुन्हा गाठून उलटतपासणी करणं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून मी फोनला चिकटले. पहिले एक निवृत्त पोस्टमास्तर.

"काका, जीपच्या सीनला तुम्ही ‘बरा आहे’ लिहिलंत. बरा म्हणजे कसा?"

"बरा म्हणजे बरा. आरती ओवाळू का?"

"परत बघाल?"

"बघणार तर! लागला की मेहुण्याला घेऊन जाणार. त्याचं नि माझं अगदी अस्संच चालतं."

"आणि पाठलागाला ‘अद्भुत’ लिहिलंय."

"अहो बाई, अठराव्या मजल्यावरून उडी मारून माणसाचा भांग विस्कटत नाही. अद्भुत नाही तर काय?"

मांजरीहून मंडईत भाजी आणणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना शेजारच्या दुकानाच्या फोनवर बोलावून घेतलं. त्या माझ्यावरच उखडल्या. "ठीक लिवलंय न्हवं? मग ठीकच हाय की! हसून हसून पोटात दुखलं माझ्या. त्ये म्हातारं पोळी लपवतंय बघा..." आणि त्यांनी मला अख्खा सीन ऐकवला. मला घड्याळ दिसत होतं, पण त्यांना तोडवेना.

सव्वातीनपर्यंत चाळीस जण झाले. ‘बरा’ लिहिणारे जवळजवळ सगळे जीपसाठी पुन्हा जाणार होते. ‘वा’ लिहिणाऱ्यांपैकी एकालाच हेलिकॉप्टर मनापासून आवडलं होतं. तो मूळचा नागपूरचा निघाला.

देवस्थळींनी कागद शांतपणे वाचले. मी दारापासून खिडकीपर्यंत चालत होते.

"उभ्या राहा एका जागी. पत्र लिहा. आमचा पहिला रिपोर्ट चुकीचा आहे, असं सरळ. ‘तांत्रिक कारणास्तव’ वगैरे नको."

"सर, क्लायंट जाईल."

"जाईल."

"माझी नोकरी?"

"तीही जाऊ शकते. हेड ऑफिसला विचारत बसलो तर आठवडा जाईल. तुमचं ते जीपवालं भांडण परवा नव्हे, आता उद्या कापतायत ना?"

मी लिहिलं. कोडशीट न वाचता सही केली, चूक माझी, हेही लिहिलं. सोबत चाळीस जणांची उत्तरं जोडली आणि फॅक्स पाठवला. या वेळी मात्र प्रत्येक पान दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी कशातच लक्ष लागेना. फोन वाजला की मी झडप घालत होते. साडेअकराला दिग्दर्शकाचा फोन आला.

"मॅडम, जीप राहिली." मग म्हणाला, "पाटकर तुमच्यावर जाम भडकलेत. म्हणतात, पुन्हा या एजन्सीचं तोंड बघणार नाही. पण जीप राहिली."

मला ऑफिसात सगळ्यांदेखत रडू आलं. आलं तर आलं.

सिनेमा पुण्यात चांगला चालला. पाटकरांनी आम्हाला पुन्हा काम दिलं नाही, शब्दाचे पक्के निघाले. मला मेमो मिळाला, नोकरी वाचली. पुण्याच्या फॉर्मचं कोडिंग पुण्यातच व्हायला लागलं आणि ते माझ्याकडे आलं. वर्षअखेरीला प्रमोशनची यादी लागणार होती. देवस्थळी माझं नाव पाठवणार हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

यादीत माझं नाव नव्हतं. दिल्लीला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपके बॉस ने तो बस ॲव्हरेज रिमार्क दिया है."

मी तरातरा केबिनमध्ये गेले. "सर, माझ्याबद्दल तुम्ही काय लिहिलंत?"

"‘हर वर्क इज ऑलराइट,’" देवस्थळी म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनाच नवल वाटलं. "का? पंधरा वर्षांत मी कोणाबद्दल एवढं लिहिलेलं नाही!"

प्रमोशन एक वर्ष पुढे गेलं. तेव्हापासून नव्या मुलींना एवढंच सांगते. पुणेकर साहेबाच्या हाताखाली खुशाल काम करा, पण त्याचा शेरा दिल्लीला जायच्या आधी एकदा वाचून घ्या.