नवसाचं तेल

बायको बाळंतपणानंतरच्या तापानं अंथरुणाला खिळली होती आणि आमच्या रनाळ्याच्या वैद्यबुवांनी हात टेकले होते. ती वाचावी म्हणून मी अस्तंब्याच्या ऋषीला नवस बोललो. आमच्याकडे मानतात, सातपुड्याच्या त्या शिखरावर अश्वत्थामा राहतो, कपाळावरची जखम घेऊन रानोमाळ फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. घरच्या तिळाचं बुधलीभर तेल एकट्यानं वर नेऊन वाहायचं, वाटेत थेंबही खर्चायचा नाही, असा नवस. पण खरं सांगतो, मनात शंका होतीच. देव ऐकतो, की आपली नुसतीच पायपीट?

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. धनतेरसला तळोद्याहून यात्रेचे जथे निघाले. डफ, जयजयकार, चिलमी, चेष्टा. राग आधीच माझ्या नाकावर, त्या गलक्यात कसलं नामस्मरण होणार? मी ओढ्याच्या अंगानं चढणारी जुनी, ओस पायवाट धरली.

"एकला नको जाऊ रे भो, जनावर राहस तठे," गाववाले म्हणाले. मी ऐकतो कुणाचं!

दुपार कलली असेल. सागाखाली एक माणूस बसलेला दिसला. उघडाबंब, आणि कपाळापासून टाळूपर्यंत मांस सोललेलं. डोळे रक्तानं भरलेले. माझ्या बुधलीकडे हात करून तो म्हणाला, "भाऊ, जराखं तेल शे का?"

अगं आई गं! खुद्द तोच! मी त्याच्या पायांवर लोटांगण घातलं, बायकोचं नाव घेऊन ढसाढसा रडलो आणि सगळी बुधली त्याच्या डोक्यावर रिती केली. तो कण्हला. माझं मनगट धरून म्हणाला, "मी देव नही, भाऊ. अस्वलनी फाडं माले. वर जाऊ नको, पिल्लं शेतस तठे."

आता कुठे मला त्याच्यामागे पडलेली कुऱ्हाड आणि मोळी दिसली. नवसाचं तेल एका लाकूडतोड्याच्या डोक्यावर! "थट्टा करतोस होय रे माझी?" मी शिखराकडे बघून ओरडलो. रिकामी बुधली वर नेऊन करायचं काय, आणि ह्याला असा टाकून जायचं तरी कसं? धोतर फाडून त्याचं डोकं बांधलं, त्याला पाठुंगळी घेतलं. दहा पावलं उतरलो नाही तोच वरच्या जाळीत अस्वल गुरकावलं. मी चाललो होतो त्याच वाटेवर! त्याला पाड्यावर त्याच्या माणसांच्या हवाली केलं आणि शिखराकडे न जाता घरची वाट धरली.

वाटभर एकच धास्ती, नवस मोडला, ती गेली असेल. गल्लीत रडणं ऐकू येईना, तरी दार लोटायला हात धजेना. शेवटी लोटलं. ती भिंतीला टेकून पेज पीत होती! मी चौकटीला धरून उभा राहिलो.

"देवले तेल दिधं का?" तिनं क्षीण आवाजात विचारलं.

"दिधं," मी म्हणालो.

ताप उतरायचाच होता की ऋषीनं कृपा केली, मला ठाऊक नाही. मी रोज हात तेवढे जोडतो. कुठे घ्यायचं ते घेणाऱ्यानं ठरवावं, आपण फक्त द्यावं. तिला 'दिधं' म्हणालो ते खोटं होतं, असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही.