दातबाईंचा साखरेचा तास

सकाळी दातबाई चहा गाळत होत्या आणि यजमान कपाळावरचाच चष्मा घरभर शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. शाळेचे शिपाईमामा चिठ्ठी घेऊन उभे.

दातबाई म्हणजे दवाखान्यात दातांच्या विभागातल्या नर्स. नाव मुलांनी ठेवलेलं. बावीस वर्षं दर मंगळवारी त्या शाळेत चौथीचा एक तास घेत. कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीत असते तेवढी साखर रिकाम्या ग्लासात चमच्याचमच्यानं ओतायची आणि मुलांनी मोजायची. आठ चमचे! किडके दात, सुटलेलं पोट, पुढचा मधुमेह, सगळं त्या आठांत यायचं.

चिठ्ठीत मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं: 'आज फक्त ब्रश कसा धरावा ते शिकवावे. साखरेचा विषय टाळावा.'

"हे काय नवीन, मामा?"

"कोल्ड्रिंकवाल्यांनी शाळेला फ्रिज दिलाय, बाई. तीन दिवस झाले."

"वा! चोराच्याच हाती किल्ल्या."

"सोड ना, तुला काय करायचंय?" यजमान आतून म्हणाले.

"तुम्ही आधी कपाळ चाचपा!"

मुख्याध्यापक फाटकातच भेटले. चेहरा असा खुललेला, जणू फ्रिज त्यांच्याच घरी जन्माला आला होता.

"शाळेला फ्रिज मिळाला! अभिनंदन म्हणा, तुमच्या तोंडात साखर पडो, बाई."

"ती पोरांच्या तोंडात पडते, सर, म्हणून तर आमच्या दवाखान्यात रांग लागते."

"अहो, बाटलीवर चक्क 'ऊर्जा' लिहिलंय!"

"मग ब्रशवर 'पदवी' लिहा. पोरं दात घासतानाच पास होतील."

वर्गात त्यांनी ब्रश दाखवला आणि मग ग्लासही काढलाच. मुलांनी आठ मोजले.

"मग तहान लागली की काय प्यायचं?"

एरवी 'पाणी' म्हणून छप्पर उडायचं. आज सगळी व्हरांड्याकडे बघू लागली. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "बाई, पाणी बंद आहे. फ्रिज आला ना."

दातबाई व्हरांड्यात आल्या. तिथे प्लग एकच. पाण्याच्या फिल्टरची वायर काढून भिंतीला लोंबत ठेवलेली, आणि तिच्या जागी फ्रिज लाल दिवा लावून जावयासारखा ऐटीत घुमत होता. बावीस वर्षांच्या तासाला एका वायरीनं उत्तर दिलं होतं.

त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

"सर, फ्रिज परत पाठवा असं मी म्हणत नाही, तुम्ही पाठवणारही नाही. मधल्या सुट्टीआधी त्या प्लगला फ्रिजऐवजी फिल्टरची वायर लावा. एवढंच."