सरांचं ठिगळाचं कलम

विमानालाही ठिगळं लावतात, हे ऐकलं की आमच्या सोसायटीतल्या बायका काढलेली तिकिटं रद्द करायला निघतात. त्यांची समजूत घालण्यात माझी अर्धी नोकरी गेली. पत्र्याला खोक पडली, शिडी घासली, गारांचा मारा बसला, की त्या जागी वरून दुसरा पत्रा रिव्हेटांनी पक्का बसवतात. काम नीट झालेलं असलं तर घाबरायचं काही कारण नाही. प्रश्न एवढाच, की वर्षं सरल्यावर त्या ठिगळाखाली काय चाललंय हे कळायचं कसं?

असल्या प्रश्नांवर डोकं फोडण्यासाठी आमचा तज्ज्ञ सल्लागार गट आहे. विमानाच्या सांगाड्याचे सुरक्षानियम जुने झाले की ते तपासायला आम्हाला बोलावतात. कोणी धातूतला जाणकार, कोणी विमानांच्या देखभालीत केस पांढरे केलेला, कोणी माझ्यासारखी प्रयोगशाळेत पत्रे ताणून तोडणारी. आम्ही फक्त सल्ला द्यायचा. मानायचा की नाही, ते सरकार ठरवणार. “म्हणजे आमच्याकडे हे जे करतात तेच,” असं सरांच्या पत्नी एकदा म्हणाल्या होत्या. त्यांना मी काकू म्हणते.

सर म्हणजे माझे कॉलेजातले सर. मला या गटात आणलं त्यांनीच. आता गुडघे आणि कान दोन्ही दगा देतात, म्हणून बैठकीच्या दिवशी मी विश्रांतवाडीला जाऊन त्यांना गाडीत घालून आणते. वाटेत ते माझ्या गाडी चालवण्यावर बोलतात. मी ऐकून घेते. या वयात मला रागावणारं माणूस दुसरं उरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

तरुणपणी सरांनी एका विमानाचं ठिगळ निव्वळ हट्टाने उकलायला लावलं होतं. विमान खोळंबलं म्हणून सगळे त्यांच्यावर उखडले. पण खालच्या मूळ पत्र्यात तडा निघाला, वरून कुणाला कधी दिसला नसता असा. त्यावरून पुढे त्यांनी एक कलम लिहिलं. मोठ्या तपासणीच्या वेळी निवडक ठिगळं काढावीत आणि खालचा पत्रा डोळ्यांनी बघावा. सरांची बाकीची कलमं एकेक करून काळाने नेली. नियमांत उरलं होतं ते एवढंच.

आणि तेच काढा, असा प्रस्ताव मी मांडला होता. आता ठिगळ न उकलता खालचं दाखवणारी उपकरणं आली आहेत. सगळ्यांना हे माहीत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार होईना. सरांच्या डोळ्यांदेखत त्यांचं शेवटचं कलम कोण काढणार? म्हटलं, काढायचंच तर निदान घरच्या माणसाने काढावं. प्रस्ताव दिला खरा, पण त्यानंतर मला अन्न गोड लागेना. सरांनी मात्र तो वाचून फोन केला आणि दुसऱ्या परिच्छेदातला गणिताचा ढिसाळपणा तेवढा दाखवून दिला.

आमच्या अध्यक्षीणबाईंनी गटाला एक रीत घालून दिली आहे. तिला आम्ही उलटी पाळी म्हणतो. कलम काढायचं असेल तर ज्याला ते काढायचंय त्याने ते राखण्याच्या बाजूने बोलायचं, आणि ज्याने लिहिलं त्याने विरुद्ध. माणूस स्वतःच्या वाक्याच्या प्रेमात पडतो, त्यावर हा उतारा. तोंडदेखलं बोललात तर बाई कोरडेपणाने म्हणतात, “छान. आता मनापासून बोला.”

त्या दिवशी पहिली पाळी माझी होती. तयारी करताना मी सरांचं कलम नव्याने वाचलं होतं आणि वाचता वाचता पंचाईत झाली होती. मला ते पटायला लागलं होतं. मी म्हणाले, “यंत्राला आपण जे विचारतो तेवढंच ते सांगतं. तडा शोध म्हटलं तर तडा शोधेल. शेजारी गंज लागलाय, रिव्हेट भलत्या मापाचं बसवलंय, हे ते आपणहून सांगणार नाही. ठिगळ उकलल्यावर माणसाला न विचारलेलंही दिसतं.” बोलता बोलता माझा आवाज चढला. कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला.

मग सर उठले. बसून बोला म्हटलं तरी उठलेच. “आपण सगळे माझा मान राखून गप्प बसला आहात,” ते म्हणाले, “तो मान जरा बाजूला ठेवा. ठिगळ उकलायचं म्हणजे रिव्हेटं काढायची. रिव्हेट काढलं की भोक थोडं मोठं होतं. पुन्हा बसवायला जाडं रिव्हेट. पुढच्या तपासणीत पुन्हा तेच. म्हणजे धड असलेल्या पत्र्याला आपणच दर वेळी जखम करतो, आत जखम आहे का हे बघायला. मी हे लिहिलं तेव्हा दुसरा उपाय नव्हता. आता आहे. उपाय असताना उकलत बसणं याला काळजी म्हणत नाहीत, याला सवय म्हणतात.”

एवढं बोलून थांबतील तर ते सर कसले! माझा एकेक मुद्दा घेऊन त्यांनी निकालात काढला. यंत्र गंज सांगत नसेल तर गंज सांगणारं दुसरं यंत्र लावा, रिव्हेटाच्या मापाची नोंद ठिगळ लावतानाच सक्तीची करा. स्वतःच्या कलमाची इतकी सुंदर चिरफाड मी कोणाला करताना पाहिलेली नाही. मला त्यांचा भयंकर अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी ओरडून सांगावंसं वाटत होतं, की सर, पुरे करा आता.

बाईंनी मत घेतलं. कलम काढावं म्हणून सगळ्यांचे हात वर झाले. सरांचाही झाला. खाली राहिला तो माझा.

“अहो, प्रस्ताव आपलाच आहे ना?” बाईंनी विचारलं.

“हो. पण आता मला पटत नाही.”

“नोंद करा,” बाई म्हणाल्या. “प्रस्ताव मंजूर, प्रस्ताव मांडणाऱ्यांचा विरोध.” हसू आवरताना देखभालवाल्यांचा चहा सांडला.

परतताना सर गाडीत अवाक्षर बोलले नाहीत. मी येरवड्याच्या चौकात चुकीच्या लेनमध्ये घुसले, तरी नाही.

दार काकूंनी उघडलं. “काढलं?” त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली आणि हातपाय धुवायला गेले. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. “आठवडाभर माझ्यासमोर तालीम चाललीय. मी कलम राखायचं आणि ह्यांनी खोडायचं. बरं, खोडून झालं की रात्री कूस बदलत पडायचे. म्हणायचे, हे गेलं की मी होतो याची खूण काय?” बोलता बोलता त्या शिरा परतत होत्या. मी वाट्या मांडल्या.

सर येऊन खुर्चीत बसले. शिऱ्याला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा ना, सर.”

“हात का नाही वर केलास? म्हाताऱ्याची दया आली?”

माझं डोकंच फिरलं. “दया? तुमची? कॉलेजात माझा अख्खा प्रबंध तुम्ही तीनदा परत लिहायला लावलात, तेव्हा तुम्हाला आली होती का दया? मला तुमचं कलम पटलंय, सर. तुम्ही खोडून काढलंत तरी पटलंय. न विचारलेलं दिसायला माणूसच लागतो. पुढच्या बैठकीला मी हे पुन्हा मांडणार आहे, आणि तुम्ही विरोधात उभे राहिलात तरी मांडणार आहे.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “ऐकलंस का?” ते काकूंना म्हणाले. “पटलंय म्हणते.”

मग माझ्याकडे वळले. “साफ चूक आहे तुझं,” त्यांनी सांगितलं, आणि इतके खूश झाले, की समोरची वाटी संपवून, काकूंचे डोळे वटारलेले असतानाही, आणखी शिरा मागितला.