टीईटीच्या बाकावर

धारणीच्या पलीकडे एका गावात मी पहिली-दुसरीला शिकवते. नवीन आले तेव्हा मुलांची कोरकू भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. आता मुलं भांडली की मी कोरकूतच रागावते. एवढी वर्षं गेल्यावर हुकूम आला: नोकरी टिकवायची तर टीईटी पास व्हा. शिक्षक व्हायच्या आधी द्यायची ती पात्रता परीक्षा मी केस पिकल्यावर द्यायची!

दिवसभर वर्ग, वरून मतदारयादीचं काम. अभ्यास व्हायचा तो शनिवारी परतवाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये, घाटाच्या वळणांवर मळमळ आवरत. शाळेच्या नळाला पाणी नाही, आणि मी दोन नळांनी टाकी कधी भरेल ते सोडवत होते.

माहेर अकोल्याचं, म्हणून परीक्षेचं केंद्र तिथलं घेतलं. फाटकावरच्या पोरगेल्या शिपायाने मला अडवलं.

"मावशी, पालकायनं बाहेर थांबा."

मी प्रवेशपत्र दाखवलं.

"तुमी पेपर देऊन राहिल्या?" त्याने मोठ्याने विचारलं. रांगेतल्या मुली हसल्या. प्रवेशपत्र परत घेऊन मी आत गेले.

पेपरात एक प्रश्न होता: मूल वर्गात घरची भाषा बोलत असेल तर शिक्षकाने काय करावे? चार पर्यायांतलं उत्तर मला क्षणात सापडलं, पण पेन पुढे सरकेना. पहिला महिनाभर एक शब्द न बोललेली एक मुलगी आठवली. तिच्या बकरीला कोरकूत काय म्हणतात ते मी तिलाच विचारलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं होतं. हे सगळं एका काळ्या गोलात कोंबायचं? चिडचिडीत वेळ गेला. गणित अर्धं राहिलं.

व्हायचं तेच झालं. थोडक्यात नापास.

निकालानंतर आठवड्याभरात, आमच्या भागातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, शिक्षण परिषदेत नमुना पाठ तुमीच घ्या. नवीन शिक्षकायले दाखवा, कोरकू लेकरायले मराठी कशी शिकवता ते."

"साहेब, मी नापास झाले."

"ते अलग, हे अलग. तुमच्यासारखं कोनाले जमते?"

"मग हेच लेखी द्या ना."

ते हसले. मला हसू आलं नाही.

शिक्षकांच्या त्या बैठकीत पाठ घेतला. मुलांनी मला तोंडघशी पाडलं नाही; उलट एकीने एका नव्या सरांचंच मराठी दुरुस्त केलं. टीईटी पास झालेली ती तरुण मंडळी मागे बसून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. संपल्यावर त्यांच्यातली एक मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तिचा काय दोष होता? पण त्या दिवशी मला कुणाचा मान नको होता.

परीक्षेचा अर्ज पुन्हा भरलाय. सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आत गणितं सोडवते, आणि मुलं खिडकीतून डोकावून विचारतात, "बाई, तुमाले कोन मारते, चुकलं तं?"