उल्का पडली!

माझ्या मावसाजींनी आयुष्यात एकही गोष्ट तिच्या मूळ मापात सांगितलेली नाही. मेडशीच्या त्यांच्या तुरीत दोन रोही, म्हणजे नीलगायी, शिरले, की गावात येईपर्यंत त्यांचा कळप होतो. शेताच्या धुऱ्यावर साधी धामण दिसली, की संध्याकाळी ओट्यावर तिचा अजगर होऊन तो एसटीला आडवा जातो. मावशी शांतपणे भाकरी थापत म्हणते, "यायच्या बोलन्यातलं अर्दं सोडा, राह्यलेल्यातलं अर्दं पुन्हा सोडा, मंग उरते ते खरं."

गेल्या सोयाबीनच्या सुगीत मी तिथेच होतो. दिवेलागणीला घरात चहा पीत होतो, तेवढ्यात मावसाजी शेतातून धापा टाकत आले. आभाळातून जळता गोळा जाताना त्यांनी खरोखरच पाहिला होता. 'तारा तुटला' म्हटलं तर लोक नेहमीसारखे हसतील, म्हणून वजन यावं अशा बेताने त्यांनी शाळेतला शब्द काढला आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत सुटले, "उल्का पडली! उल्का पडली!"

शेजारच्या सुनेचं नाव उल्का. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. गल्लीत एकच धावाधाव. मावशी तव्यावरची भाकरी सोडून पळाली, कुणी ऑटो आणायला धावलं.

"कुठी पडली हो भाऊजी?" सासूने टाहो फोडला.

"किन्हीराजा गावाच्या अंगाले!"

"आत्ता तं गच्चीवर होती! तिकडं कशी गेली?"

"उडत गेली! जळत जळत!"

सासू मटकन खालीच बसली. आणि वाळलेले कपडे घेऊन उल्का जिना उतरली, "काय झालं?" असं विचारत.

मग सगळे मावसाजींवर तुटून पडले. "बुढ्या, पोरीच्या जिवाची मस्करी करतं काय?" त्यांचा चेहरा पार उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बापू, तुले तरी दिसलं असंन?" मी तर घरात होतो.

"मामाजी खरं सांगून राह्यले," मावसाजींकडे हात करून उल्का म्हणाली. "मी पाह्यलं गच्चीवरून. हिरवागार उजेड पडला, अन् त्या गोळ्याचे चार तुकडे झाले."

मावसाजी तिच्याकडे बघत राहिले.

"दोनच झाले, पोरी," ते हळूच म्हणाले.

डोळे पुसत ते ओट्यावर टेकले. मला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. त्यांनी पाहिलं तेच पाहिलेलं माणूस त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं.